शौल राजाचा तिसरा प्रश्न

तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत ज्यानं फक्त राजेच केले, त्या माणसाला उचलून दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसवलं तर काय होणार? तेच झालं. श्रीहरीभाऊ ऊर्जानगरात, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, लेकाकडे, सूरजकडे, राहायला आले आणि आठ दिवसांत सून कुंताच्या ध्यानात आलं, की घरात सासरा नाही, अख्खा दरबार आलाय. पाणी हवं असलं की "कोण आहे तिकडे!" भाजीत मीठ कमी पडलं की एक भुवई वर, आणि मग लांबलचक शांतता. टीव्हीवरच्या नटांना तर ते असं झापायचे, की शेजारचे लोक बाहेर येऊन भांडण कोणाच्या घरी लागलं ते बघायचे.

कुंता मोठी धीराची बाई. पण तिसऱ्या आठवड्यात तीही म्हणाली, "बाबा, जरा फिरून या ना बाहेर."

"मले हाकलून राह्यली का तू?"

"नाई बाबा. टीव्हीले आराम देऊन राह्यली."

आता श्रीहरीभाऊंचाही काही दोष नव्हता म्हणा. वडशाजवळच्या आमटोल्याच्या ढिवराचं हे पोर. तळ्यावर जाळं ओढता ओढता गायला लागलं, उंची सहा फूट झाली, आणि वडशाच्या एका नाट्यमंडळानं पोराच्या हातात जाळ्याऐवजी तलवार दिली. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, नवं स्टेज, आणि हे आपले राजा. सहा वर्षांपूर्वी घशात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण गाणंही तिच्याबरोबरच गेलं. झाडीपट्टीत न गाणाऱ्या राजाला कोण विचारतो? पाच वर्षं कशीबशी गावात काढली, तळ्याच्या पाळीवर, त्या बांधावर बसून, कोणाशी धड न बोलता, आणि शेवटी सूरजच घेऊन आला.

तर त्या रविवारी दुपारी ते तणतणत निघाले. कॉलनीच्या मागच्या गेटाबाहेर एक छोटं चर्च आहे. त्याच्यामागे टिनाची शेड. शेडमधून पेटीचा आवाज आला, आणि पेटी वाजली की श्रीहरीभाऊंचे पाय आपोआप तिकडे वळतात. आत दहा-बारा माणसं. पेटीवर डिंपल नावाची नर्सबाई. तिचे वडील पोचूअण्णा मध्ये बसलेले, सिरोंच्याकडचे तेलुगू माणूस, पॉवर स्टेशनमधून फोरमन म्हणून निवृत्त. टेबलावर तीन जाडजूड ग्रंथ, एक मराठी, एक तेलुगू, एक इंग्रजी. जुन्या करारातल्या राजांच्या आणि लढायांच्या गोष्टी वाचायच्या, आणि त्यांवर जाणत्या लोकांनी जी भाष्यं लिहून ठेवली ती एकमेकांशी ताडून बघायची, हा या मंडळींचा रविवारचा उद्योग.

श्रीहरीभाऊ मागच्या खुर्चीत टेकले. पोचूअण्णा सांगत होते, की तो माणूस इतका उंच, की गर्दीत सगळ्यांची डोकी त्याच्या खांद्याशी.

"कोन हा?" श्रीहरीभाऊंनी उठून विचारलं.

"शौल. इस्राएलाचा पहिला राजा."

"मंग काय झालं त्याचं?"

"राज्य गेलं, भाऊ."

श्रीहरीभाऊ खाली बसले. "सांगा," म्हणाले, "मले घाई नाई."

पुढच्या रविवारी कोणी विचारायच्या आधीच हजर. कॉलनीत कुजबुज झाली, की सूरजचे बाबा चर्चमध्ये जाऊन राह्यले. श्रीहरीभाऊंनी गेटावरच सुनावलं, "माहा देव माह्या घरी आहे. मी त्या राजाले भेटाले जातो."

पोचूअण्णांची एक पद्धत होती. गोष्ट आधी तीनदा वाचायची, भाष्य न उघडता. मग आपल्याला काय अडलं ते मोठ्यानं बोलायचं. मगच भाष्याला हात लावायचा. "भाष्य म्हणजे वाटाड्या," ते म्हणायचे. "जंगलात त्याच्या मागं चालायचं असतं, खांद्यावर बसायचं नसतं."

तिसऱ्याच रविवारी श्रीहरीभाऊंना अडलं. दावीदानं गल्याथ राक्षसाला गोफणीनं लोळवलं तो प्रसंग होता. राजा शौल सेनापती अबनेराला विचारतो, की हा मुलगा कोणाचा?

"थांबा, थांबा!" श्रीहरीभाऊ गरजले. "मागच्या आयतवारी हाच पोरगा राजाजवळ वीणा वाजवत होता ना? राजाचं डोकं फिरलं की हा वाजवे आन् राजा शांत होये. आता तोच राजा म्हनते कोनाचा पोरगा? एका प्रवेशात वळखते, दुसऱ्या प्रवेशात नाई? लेखक झोपला होता का?"

पोचूअण्णांचा चेहरा उजळला. "शाब्बास भाऊ! याच प्रश्नावर पंडित लोक शेकडो वर्षं डोकं खाजवून राहिले."

"त्यात काय खाजवाचं? दावीदचं काम करनाऱ्याची गाडी उशिरा आली असंल. आमच्याकडं नेहमीचं आहे. बैलांच्या शंकरपटाच्या गर्दीत नटाची गाडी अडकली, की दुसरा अंक पयले लावून टाकतो. पब्लिकले काय समजते!"

शेड हसून हसून बेजार. पण डिंपल इंग्रजी ग्रंथात बघून म्हणाली, "अण्णा, इथंपण तेच आहे. हे प्रसंग काळाच्या क्रमानं मांडलेले नसावेत म्हणतो हा."

"घ्या!" श्रीहरीभाऊंनी मिशीवर हात फिरवला. "इंग्रजी न येता सांगितलं."

बाकीच्या ग्रंथांत दिलेली पंडितांची मतं एवढ्यावर मिटणारी नव्हती. एकाचं म्हणणं, दोन जुन्या कथा होत्या, जुळवणाऱ्यानं दोन्ही ठेवल्या. दुसरा म्हणे, राजाचं मन आजारी होतं, त्याला ओळखच राहिली नाही. तेलुगू भाष्यात होतं, की जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत ही वाक्यंच नाहीत. श्रीहरीभाऊंना याचं भारी नवल वाटलं. एवढे शिकलेले लोक, एका वाक्यावर इतके भांडतात, आणि कोणी कोणाच्या डोक्यात खुर्ची घालत नाही!

मराठी ग्रंथ ते टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेले. पुढच्या रविवारी तसाच सोबत आणला तेव्हा पोचूअण्णांनी उघडला आणि कपाळावर हात मारला. पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं: "इथे पेटी." "राजा डावीकडून." "टाळी."

"भाऊ, हे भाष्य आहे. नाटकाची वही नाही!"

"एवढं झ्याक लिहिलं त्यानं, आन् टाळी बी नाई वाजवाची?"

पण टाळीवरून पोचूअण्णांना एक गोष्ट सुचलीच. नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी शेडमध्ये कार्यक्रम असतो. यंदा हीच गोष्ट बसवली तर? राजा अर्थात श्रीहरीभाऊ. गायचं नाही, नुसतं बोलायचं. दावीद डिंपल, कारण तिच्याइतकं गोड गाणारं दुसरं कोणी नाही. गल्याथ म्हणजे सिक्युरिटीतला विक्की, त्याला स्टुलावर उभं केलं की झालं. त्याच्या तुटलेल्या डोक्यासाठी मडक्यावर मिशा रंगवल्या. डिंपल स्टेजवर, म्हणजे पेटीला माणूस नाही, तर गाणी मोबाईलवर लावायची ठरलं. श्रीहरीभाऊ त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले, आणि भाजीला नावही ठेवलं नाही.

तालमीत शेड दणाणून जायची. आणि ते वाक्य आलं की सगळं ठप्प. "अबनेरा, हा..." एवढं बोलून राजा पाणी मागायचा. घसा दुखतो म्हणायचा. घसा काही दुखत नव्हता.

हेच वाक्य ते आयुष्यात एकदा बोलले होते, आणि ते काही नाटकात नव्हतं.

पिंटू त्यांच्याच गावचा, डोमा ढिवराचा पोरगा, त्यांचा शिष्य. बारा वर्षं त्यांच्यामागं पेटी वाजवली. घसा बसला की पिंटू विंगेतून सूर धरायचा आणि राजाची लाज राखायचा. ऑपरेशनच्या वर्षी मंडळानं पिंटूलाच राजा केलं. पब्लिकनं शिट्ट्या मारून मारून स्टेजसमोरचं अख्खं शेत डोक्यावर घेतलं. पुढच्या दिवाळीत मंडळाच्या वडशातल्या ऑफिसात एका गावची मंडळी नाटक ठरवायला आली आणि म्हणाली, राजा पिंटूच पाहिजे. श्रीहरीभाऊ तिथंच बाकावर बसलेले. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, "कोन पिंटू? कोनाचा पोरगा आहे तो?"

पिंटू दारात उभा होता. हातात त्यांच्यासाठीच आणलेला चहा. त्यानं ग्लास बाकावर ठेवला आणि निघून गेला. त्याला पाच वर्षं झाली. त्या दिवसापासून पिंटू त्यांचा उंबरा चढला नाही, आणि डोमानं तळ्यावर त्यांच्या शेजारी डोंगा लावला नाही. श्रीहरीभाऊंना रोज वाटायचं, जावं, बोलावं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला हा माणूस. आता म्हातारपणी एवढीच एक गोष्ट उरली होती जी नीट व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तीच त्यांना जमत नव्हती.

एका रविवारी वर्गात ते एकदम म्हणाले, "अण्णा, मले समजलं. राजानं वळखलं होतं. जळून राह्यला होता, म्हनून न वळखल्याचं सोंग केलं."

"कोणत्या भाष्यात आहे?"

"भाष्यात नाई. इथी आहे." त्यांनी छातीवर हात ठेवला.

पोचूअण्णांनी चष्मा काढला. "भाऊ, राग मानू नका. हे दुखणं तुमचं दिसते. शौलाच्या माथी मारू नका. तो काय विचारतो ते परत वाचा. कोणाबद्दल विचारतो, बघितलं का?"

झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या. राजेसाहेब उठले आणि घरी आले. हे पोचू कोण लागून गेले, आम्हाला आमचं दुखणं सांगणारे! दोन दिवस कुंताच्या वरणाला चव नव्हती, पंखा आवाज करत होता आणि सूरजची गाडी दारात चुकीच्या जागी लागत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र टॉवेलातला ग्रंथ निघाला. चष्मा लागला.

गोष्ट तीनदा वाचली. मग भाष्य. भाष्यकारानं लिहिलं होतं, की राजानं मुलाचं नाव विचारलेलंच नाही. तिन्ही वेळा बाप विचारलाय. जो जिंकेल त्याच्या बापाच्या घराण्याला मान मिळणार होता, म्हणून बाप कोण हे महत्त्वाचं. आणि वाचकांनी ध्यानात घ्यावं, असंही लिहिलं होतं, की याच बापाकडे, इशायाकडे, पूर्वी राजानं स्वतः निरोप धाडला होता: तुझा मुलगा माझ्याकडे पाठव. बापानं गाढवावर भाकरी लादल्या, करडू दिलं, आणि पोरगा पाठवला.

श्रीहरीभाऊंचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

आमटोल्याच्या तळ्याची पाळ. ते स्वतः उभे, रेशमी सदरा घालून. डोमा पाण्यात, कमरेपर्यंत. "डोमा, तुहा पोरगा दे मले. पेटी वाजवन माह्या मागं." डोमाला एकच पोरगा. मोठं जाळं एकट्याच्यानं ओढवत नाही, हे ढिवराच्या पोराला काय सांगायला पाहिजे? डोमानं हातातलं जाळं आवरलं. मग म्हणाला, "ने." दुसऱ्या दिवशी पिंटू आला तो दोन पायल्या तांदूळ आणि पिशवीभर वाळलेले झिंगे घेऊन. बापानं गुरूघरी पाठवलेले.

पाच वर्षं त्यांना वाटत होतं, आपण पिंटूला बोललो. अरे कसलं! नाव पिंटूचं घेतलं, शिवी डोमाला दिली. ज्याच्या दाराशी जाऊन पोरगा मागितला, त्यालाच चार लोकांत विचारलं, की हा कोणाचा पोरगा.

कुंता चहा घेऊन आली तर सासऱ्याच्या डोळ्यांतून धारा. "काय झालं, बाबा?"

"काई नाई, बाई. या पुस्तकवाल्यानं मले पकडलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते वडशाला, तिथून ऑटोनं आमटोल्याला. गाडीत त्यांनी भाषण तयार केलं होतं, चांगलं दोन पानांचं. डोमा पाळीवर बसून जाळं सांधत होता. पिंटू दौऱ्यावर.

"काय काम पडलं?" डोमानं मान वर केली नाही.

"काम काई नाई."

"मंग एवढ्या दूर?"

भाषण कुठल्या कुठं गेलं. श्रीहरीभाऊ खाली बसले आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. बोटांना जाळ्याची गाठ आठवत होती. अर्धा तास दोघं फाटकं जाळं सांधत राहिले.

"आयतवारी माहा नाटक आहे," शेवटी ते म्हणाले. "ऊर्जानगरात, चर्चच्या शेडमंधी. राजा आहे मी."

"तू कवा राजा नवता?"

"येशीन का?"

"पायतो. मासे काढाचे आहे."

जेवून जा म्हणाला नाही. आमटोल्यात दारात आलेल्या परक्यालाही लोक विचारतात. श्रीहरीभाऊ उपाशीपोटी परतले आणि थेट पोचूअण्णांकडे गेले.

"अण्णा, तुमचं बरोबर होतं. बापाबद्दल इचारते तो."

"आणखी एक बघा," पोचूअण्णा म्हणाले. "तीनदा विचारलंय. दोनदा सेनापतीला, पोराच्या पाठीमागं. तिसऱ्यांदा पोराच्या तोंडावर, सगळ्यांसमोर. उत्तर फक्त तिसऱ्यांदा मिळालं."

रविवार उजाडला. तीन वाजता शेड भरली. पुढच्या रांगेतली एक प्लास्टिकची खुर्ची श्रीहरीभाऊंनी आपलं उपरणं टाकून धरून ठेवली होती, आणि पडद्याच्या फटीतून ते दर मिनिटाला तिकडे बघत होते. खुर्ची रिकामी. सव्वातीनला पोचूअण्णांनी डोळ्यांनीच विचारलं. श्रीहरीभाऊंनी मुकुट चढवला. चला, नाही आला. का यावं त्यानं?

पडदा सरकला. राजाचं डोकं फिरलं, दावीदाचं गाणं सुरू करायचं, तर मोबाईल बोलेचना. कोणीतरी चार्जर शोधायला पळालं. डिंपल वीणा धरून तशीच उभी. तेवढ्यात दारातून वाळलेल्या झिंग्यांचा वास आला. अख्ख्या शेडनं नाकं वळवली. डोमा. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. मागे हेल्मेट काढत पिंटू. डोमा सरळ पुढे येऊन उपरण्याच्या खुर्चीत बसला. पिंटूनं एक नजर स्टेजवर टाकली, एक कोपऱ्यातल्या बेवारशी पेटीवर. कलावंत माणूस, त्याला काय राहवतंय! जाऊन बसला आणि डिंपलला सूर दिला.

बारा वर्षं जो सूर पाठीशी होता, तो तसाच पाठीमागून आला. राजाचा चेहरा त्या गाण्यात असा शांत झाला, की पुढच्या बायका म्हणाल्या, काय ॲक्टिंग करते हा म्हातारा!

मग लढाई. विक्की स्टुलावरून धाडकन पडला, ठरल्यापेक्षा जरा जास्तच. डिंपल मिशावालं मडकं हातात धरून आली.

"अबनेरा, हा कोनाचा पोरगा?" घसा अडखळला नाही. अबनेर म्हणाला, ठाऊक नाही. "मंग इचारून ये, हा कोनाचा पोरगा?" हेही झालं.

आता तिसरा. आता डिंपलकडे वळायचं होतं. श्रीहरीभाऊ वळले ते पेटीकडे.

"पोरा, तू कोनाचा पोरगा?"

पिंटूची बोटं थांबली. त्यानं मान वर केली नाही. डिंपल मडकं सावरत उभी. वाक्य विसरले वाटून पोचूअण्णा विंगेतून पुढचं सांगू लागले. श्रीहरीभाऊ हलले नाहीत.

पुढच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची करकरली. डोमा उठून उभा राहिला.

"माहा आहे बे, शिऱ्या! तुले मालूम नाई का?"

लोक खो खो हसले. नाटकात मध्येच बोलणारे प्रेक्षक या मुलखाला नवे नाहीत. पण राजानं डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला, आणि हसणं हळूहळू थांबलं.

"मालूम आहे, डोमा," श्रीहरीभाऊ म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "तवाबी मालूम होतं."

डोमानं एकदा पेटीवरच्या पोराकडे बघितलं. मग त्यानं पिशवी पायाशी नीट ठेवली आणि खाली बसला.

"मंग झालं," म्हणाला. "आता कर तुहं नाटक."